किती तास मारायचेत?

जानेवारीत आमच्याकडे उन्हाळा असतो.
नेकोचेआच्या किनाऱ्यावर वारा असा,
की वाळू सँडविचात जाते, कानात जाते,
आणि पुस्तकाच्या शिवणीत शिरली
की जुन्या भाडेकरूसारखी निघता निघत नाही.
इर्मा सागास्तीच्या टपरीवर पंधराव्या वर्षी
मला नोकरी लागली ती
पुस्तकं झटकायची.

टपरीत फक्त रहस्यकथा, त्याही पळणाऱ्या.
कुणी प्रेमकथा मागितली तर ती म्हणायची,
"पलीकडच्या आइस्क्रीमवाल्याला विचारा,
तिसरं लग्न करतोय."

आवडनिवड विचारायची नाही.
नळीनं कडू माते-चहा ओढत
चष्म्यावरून एकदा बघायची:
"किती तास मारायचेत?"

बाळ झोपलंय तोवर? दीड तास?
मग हे न्या. पहिल्या पानावर दंतवैद्य मरतो,
नवव्यावर कळतं, तो दंतवैद्य नव्हताच,
आणि गावभराच्या दाढा तर त्यानंच काढलेल्या.
रातोरात बसनं ब्युनोस आइरेसला? हे.
पण बॅटरी जवळ ठेवा;
ड्रायव्हर दिवे मालवतो
नेमका खुनी जिना चढत असताना.
नवऱ्यासोबत आठवडाभर तंबूत?
दोन प्रती न्या बाई,
एकच नेलीत तर तिसरा मुडदा तुमच्याकडे पडेल.

मलपृष्ठाच्या आत तिची पेन्सिल:
"चार तास. भित्रे असाल तर पाच."
"जेवून मग बसा."
"पान ६० ते ७१ सूर्यास्त आहे, गाळा.
तो इथं फुकट दिसतो."
शेवटचं पान आधी उघडणाऱ्याला
पैसे परत द्यायची आणि पुस्तक काढून घ्यायची.

त्या मंगळवारी करेन मिकेल्सेन आली.
वाळूत, भर बाराच्या उन्हात, बंद बूट घालून.
"गुरुवारपर्यंत," ती म्हणाली. "चार वाजेपर्यंत."
मग जरा थांबून, "डॉक्टर चारला भेटतात."

इर्मानं बोटांवर मोजलं. "बावन्न."
"झोप वजा करायची ना?" मी विचारलं.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
की झटकलेलंच पुस्तक मी पुन्हा झटकलं.

सात निवडली. क्रम लावला.
"हे पहाटे तीनला. आधी उघडू नका."
सातव्याची शिवण सुरीनं उसवून
शेवटची सोळा पानं काढली
आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली.
"ही इथं राहतील. येऊन न्या."

गुरुवारी चार वाजले, सहा वाजले,
छत्र्या मिटल्या,
आइस्क्रीमवाला नव्या बायकोला घेऊन घरी गेला.
आम्ही अंधार पडल्यावर टपरी बंद केली.
फेब्रुवारीत मी एकदा डबा उघडायला गेले;
हातावर चापट बसली.

मार्चमध्ये फळ्या ठोकत होतो तेव्हा आली.
डोक्याला लोकरीची टोपी, भुवया नाहीत,
पायांत तेच बूट.
इर्मानं काही न बोलता डबा पुढे केला.
वाऱ्याकडे पाठ करून, उभ्याउभ्याच,
ओठ हलवत तिनं वाचली
सोळाच्या सोळा.
हातोडी घेऊन मी तशीच उभी.

"मेव्हणा," ती अखेर म्हणाली.
"वाटलंच होतं मला. कुत्र्याशी फार गोड बोलायचा."
आणि मग, फळीच्या फटीतून आत बघत,
"एखादं जाडसं आहे का?"

इर्मानं चष्मा पुसला.
ओठांवर आलेला नेहमीचा प्रश्न
चहाबरोबर गिळला,
आणि मला स्टुलावर चढवलं
सगळ्यात वरच्या फळीसाठी.